रिमास्टर करताना जुने इफेक्ट बदलावेत का? रविवारी पोरांना 'स्टार ट्रेक'चं कोणतं रूप दाखवू?

खरी_कॉर्नर (धागाकर्ता), सोमवार रात्री ९.४०

मंडळी, रविवारच्या आत एक निर्णय घ्यायचाय आणि आमच्या गटात दोन तट पडलेत.

मंगळवार पेठेत महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दहा-बारा जण एका मित्राच्या घरी वरच्या मजल्यावर जमतो. जुनं काहीतरी मोठ्या पडद्यावर बघायचं, मग चहा-भडंग, मग बोलत बसायचं. ह्या वेळी पहिल्यांदाच घरातली पोरं येणार आहेत, सहावी ते दहावीतली सात-आठ. ठरलीय १९६६ ते १९६९ मधली पहिली 'स्टार ट्रेक'. आमच्यातल्या चौघांनी ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेली आहे, शेजाऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीनं बसून. भाग निवडलाय १९६७ चा 'द डूम्सडे मशीन'. ग्रह गिळत सुटलेलं एक प्रचंड यंत्र, आणि आपली सगळी माणसं गमावून त्याच्या मागे लागलेला एक अधिकारी.

अडचण अशी की ब्लू-रे डिस्कवर हा भाग दोन रूपांत आहे. २००६ ते २००८ या काळात सीबीएस या अमेरिकन कंपनीने मालिकेचे सगळे ७९ भाग रिमास्टर केले. मूळ फिल्म पुन्हा स्कॅन केली, रंग धुतल्यासारखे स्वच्छ झाले, इथपर्यंत कुणाचीच तक्रार नाही. पण त्याच वेळी अंतराळातली जवळजवळ सगळी दृश्यं काढून त्या जागी संगणकावर केलेली नवी घातली. यान नवं, ग्रह नवे, स्फोट नवे. शीर्षकाचं संगीतसुद्धा पुन्हा वाजवून घेतलं. २००९ मध्ये ब्लू-रे आली तेव्हा मात्र दोन्ही रूपं दिली. रिमोटवरचं एक बटण दाबलं की जुनं, परत दाबलं की नवं.

माझं मत आधीच सांगतो. जुनंच दाखवावं. ती दृश्यं म्हणजे त्या माणसांच्या हातचं काम आहे. कथा, अभिनय, संवाद १९६७ चे ठेवायचे आणि यान तेवढं २००७ चं, हे मला लुगड्याला नव्या कापडाचा पदर जोडल्यासारखं वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते कारणांसकट लिहा.

पंचगंगेकाठी, सोमवार रात्री १०.१५

मी उलट्या बाजूचा. नवं दाखव.

त्या काळच्या लोकांना जे करायचं होतं ते त्यांना पैशामुळे आणि वेळेमुळे करता आलं नाही. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, एका कंपनीला इफेक्टचं काम झेपेना म्हणून ते तीन-चार कंपन्यांत वाटलं, तरी वेळ पुरेना म्हणून यानाचं तेच दृश्य पुन्हा पुन्हा वापरलं. ह्याच भागात जे मोडकं जहाज आहे ते दुकानात मिळणारं प्लास्टिकचं किट आहे, जाळून-वाकवून वापरलेलं. लेखकाने कागदावर भयंकर यंत्र लिहिलं होतं. २००७ मध्ये ते पडद्यावर खरोखर भयंकर झालं, भोवती ग्रहांचा चुरा तरंगतोय, जहाजांचं आकारमान एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात बदलत नाही. कथेची ताकद वाढली, हे मान्य करायला काय हरकत आहे?

शिवाय तुझ्यासमोर सातवीतली पोरं बसणार. त्यांचं लक्ष एकदा जोडावर गेलं की त्या अधिकाऱ्याचं दुःख त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. मला त्या दुःखाची काळजी जास्त आहे.

शिवाजीपेठकर, सोमवार रात्री १०.३२

भावा, जुनंच लाव. पोरांना कमी लेखू नका. पत्र्याच्या तलवारी घेऊन गल्लीत शिवाजी-अफजलखान करणारी पोरं हायत ती. खोट्यात खरं बघायची सवय मोठ्यांपेक्षा त्यांनाच जास्त असतीय.

निगेटिव्ह, सोमवार रात्री ११.०५

मी पुण्यात कॉम्पोझिटिंग करते, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका दृश्यात जोडते. माहेर राजारामपुरी. हा माझ्या रोजच्या कामाचा विषय असल्यामुळे थोडं लांबण लावते.

आधी हे बघा की बदल करावासा का वाटला. तेव्हा यान एका फिल्मवर, तारे दुसऱ्या, ग्रह तिसऱ्या. हे सगळं ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रात एकावर एक पुन्हा चित्रित करायचं. प्रत्येक फेरीत फिल्मचा रवा, म्हणजे चित्रातले बारीक ठिपके, जाड होतो, धूळ बसते, कडा मऊ पडतात. म्हणजे नटांचा चेहरा पहिल्या पिढीच्या निगेटिव्हवरून लख्ख येतो आणि पुढच्याच क्षणी यान तिसऱ्या-चौथ्या पिढीचं, म्हणजे प्रतीच्या प्रतीवरचं, भुरकट. जुन्या टीव्हीवर हा फरक दिसत नव्हता. एचडीत डोळ्यांत खुपतो. तेव्हा २००६ च्या लोकांना काहीतरी करणं भाग होतं, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण 'काहीतरी' म्हणजे काय, इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. ह्याच घराण्यातली दुसरी मालिका, १९८७ ते १९९४ ची 'नेक्स्ट जनरेशन', २०१२ ते २०१४ मध्ये कशी रिमास्टर झाली ते बघा. ती चित्रित झाली ३५ मिमी फिल्मवर, पण तिचं संकलन आणि इफेक्टची जोडणी झाली व्हिडिओ टेपवर. म्हणजे पूर्ण झालेला भाग फक्त टेपवरच होता, फिल्मवर असा भाग कधी अस्तित्वातच नव्हता. मग त्यांनी गोदामातली हजारो रिळं उघडली, १७८ भागांचा एकेक तुकडा हुडकला, भाग पुन्हा जोडले, आणि यानाच्या मूळ मॉडेलची मूळ निगेटिव्ह स्कॅन करून ती दृश्यं नव्यानं एकत्र केली. जे फिल्मवर कधी नव्हतंच, किरण वगैरे, किंवा जे सापडलं नाही, तेवढंच संगणकावर केलं. पडद्यावर दिसतं ते यान त्याच कारागिरांनी घडवलेलं, त्यांनीच त्यावर प्रकाश पाडलेला. फक्त आपण ते आधी कधी इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं.

पहिल्या मालिकेत जुन्याच्या जागी दुसरं आणून बसवलं, दुसऱ्या मालिकेत जे होतं तेच वर काढलं. दोन्हीला आपण रिमास्टरच म्हणतो, तिथेच गोंधळ होतो.

पंचगंगेकाठी, सोमवार रात्री ११.२०

निगेटिव्हताई, चांगली माहिती. पण पहिल्या मालिकेच्या बाबतीत त्यांनी तसंच का केलं नाही? ते शक्य नव्हतं म्हणूनच ना?

निगेटिव्ह, सोमवार रात्री ११.४१

प्रत्येक दृश्याचे सुटे घटक हाताशी असतील तरच तसं करता येतं. पण जोडलेलं दृश्य फिल्मवर होतंच, आणि ते धुऊनपुसून किती सुंदर दिसतं ते त्याच डिस्कवरच्या जुन्या रूपात बघा. थोडा रवा राहतो. राहू दे.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली म्हणून सांगते. ३५ मिमी फिल्म उद्या आणखी मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करता येते. २००६ ची संगणकावरची दृश्यं ज्या मापाला रेंडर केली, म्हणजे संगणकाकडून काढून घेतली, त्याच मापाची राहिली. आज ती बघताना मला नटांच्या चेहऱ्यापेक्षा यानच जुनं वाटतं. जे 'जुनं दिसतं' म्हणून बदललं, त्याच्या जागी आलेलं वीस वर्षांत त्याहून लवकर म्हातारं झालं.

जुना_ऑपरेटर, मंगळवार सकाळी ६.५०

मी एकेकाळी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. रात्रीच्या शेवटच्या खेळानंतर रिळं गुंडाळताना हाताला जे लागायचं त्यावरून प्रिंट किती फिरलीय ते कळायचं. तुटलेली फिल्म चिकटवताना दोन-चार फ्रेम जायच्या, आणि तेवढ्यानं माझा जीव हळहळायचा. म्हणून ह्या विषयावर लिहावंसं वाटलं.

आपण कोल्हापूरचे आहोत. खरी कॉर्नरवर कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे तो कशासाठी? आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे. त्यांना सिनेमाचं वेड लागलं, आनंदराव १९१६ साली गेले, आणि बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन इथेच कॅमेरा बनवला. त्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' झाला, १९२० साली लागला. त्यात कीचकाचा वध असा काही दाखवला होता की तो आक्षेपार्ह ठरला. पण तुम्ही-आम्ही कुणी तो बघितलाय? नाही, कारण तो चित्रपट आज नाहीच. वर्णनं वाचायची आणि मनात चित्र रंगवायचं.

मी विचार करतो, त्या वधाचं भुरकट, ओरखडे पडलेलं एक मिनिट जरी मिळालं, तरी आपण त्याचं काय करू? कुणी म्हटलं, 'छान आहे, पण मुंडकं खोटं वाटतंय, संगणकावर नवं करू', तर अख्खं गाव रस्त्यावर येईल. आपलं हरवलंय म्हणून आपल्याला किंमत कळते. त्यांचं अजून हातात आहे.

सुमन_राजारामपुरी, मंगळवार सकाळी ८.३०

काका, वाचून गलबलून आलं.

माझी आई २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं 'रामायण' रोज दोन्ही वेळा बघायची. आकाशात दोन बाण समोरासमोर येतात, एकमेकांवर आदळतात, ठिणग्या. माझा भाचा म्हणाला, आजी, हे आता किती भारी करता येईल. ती म्हणाली, "करा की, पण त्याला दुसरं नाव द्या. ह्यात हात घालू नका." तिला व्हीएफएक्स हा शब्दही माहीत नाही.

पन्हाळ्याचा_वारा, मंगळवार सकाळी ९.१०

रंगीत 'मुघल-ए-आझम' २००४ साली आला तेव्हा आम्ही कोल्हापुरात थिएटरात जाऊन पाहिला आणि आवडला. १९६० च्या मूळ चित्रपटातही काही भाग रंगीत होताच, म्हणजे दिग्दर्शकाला रंग हवाच होता. अशा वेळी बदल योग्य नाही का? आणि जुन्या मूर्तींचं उदाहरण घ्यायचं तर २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन झालंच की. झीज होते तिथे हात लावावाच लागतो.

शिवाजीपेठकर, मंगळवार सकाळी ९.२५

आणि त्या संवर्धनावरनं गावात किती वाद पेटला तेबी लिहा. मूळच्या खुणा राहिल्या का गेल्या ह्यावरच सगळं भांडण होतं. तोच तर ह्या धाग्याचा विषय हाय.

खरी_कॉर्नर, मंगळवार सकाळी ९.४०

आईसाहेबांचा विषय इथे नको वाढवायला, हात जोडतो. मुद्दा दोघांचाही पोचला.

'मुघल-ए-आझम'बद्दल मात्र बोलू. कृष्णधवल छायाचित्रणात सावल्या रंगाच्या हिशोबानं टाकलेल्या नसतात, त्यामुळे मला रंगीत रूप सपाट वाटतं. पण कृष्णधवल मूळ आजही बघायला मिळतं, म्हणून माझी तक्रार मोठी नाही. खरी भीती मूळ रूप बाजारातून उठण्याची आहे. जॉर्ज लुकस १९८८ साली अमेरिकन काँग्रेससमोर उभा राहून जुने चित्रपट रंगवण्या-बदलण्याच्या विरोधात बोलला होता. त्याच माणसानं १९९७ मध्ये स्वतःच्या 'स्टार वॉर्स'मध्ये नवी दृश्यं घातली, आणि त्यानंतर मूळ १९७७ चं रूप चांगल्या प्रतीत मिळवणं चाहत्यांना किती जड गेलं ते सर्वांना माहीत आहे. स्वतःची कृती बदलायचा हक्क त्याला आहे असं मी मानतो. पण आधीची प्रत कपाटात बंद करण्याचा हक्क त्यालाही नसावा, कारण तोवर ती लाखो लोकांची झालेली असते.

'रेड ड्वार्फ' या ब्रिटिश विनोदी विज्ञानमालिकेचंही तेच. १९९८ मध्ये पहिल्या तीन हंगामांत मॉडेलच्या जागी संगणकाचं यान घातलं, चित्राचा पोत बदलला. प्रेक्षकांना रुचलं नाही. पुढे डीव्हीडी आल्या त्या मूळ रूपातच. 'डॉक्टर हू'वाल्यांनी जास्त शहाणपणा केला: काही कथांच्या डीव्हीडीवर नवे इफेक्ट दिले, पण वेगळा पर्याय म्हणून. भाग सुरू केला की आधी जुनंच लागतं.

पंचगंगेकाठी, मंगळवार दुपारी १.०५

मूळ रूप सदैव मिळालं पाहिजे, ह्यावर मी शंभर टक्के तुझ्याबरोबर. त्यावर वादच नाही. पण मग मूळच खराब असेल तर काय करायचं ते सांगा. 'बॅबिलॉन ५' घ्या.

निगेटिव्ह, मंगळवार दुपारी २.२०

हो, तिथे माझ्याकडेही सरळ उत्तर नाही.

'बॅबिलॉन ५' (१९९३ ते १९९८) ही अंतराळातली सगळी दृश्यं संगणकावर करणाऱ्या पहिल्या मालिकांपैकी. सुरुवातीला अमिगा संगणकांवर, लाइटवेव्ह नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. नट फिल्मवर, तेही रुंद चौकटीचा विचार करून. पण इफेक्ट त्या काळच्या टीव्हीच्या मापाचे. मॉडेलच्या बहुतेक फायली नंतर हरवल्या. डीव्हीडीला रुंद चित्र हवं म्हणून इफेक्टच्या दृश्यांचं वरचं-खालचं कापून ती ताणली, आणि जिथे नट व इफेक्ट एकत्र आहेत तिथे चित्र एकदम मऊ पडतं. २०२१ मध्ये आलेल्या रिमास्टरमध्ये त्यांनी मूळची ४:३ चौकट, म्हणजे जुन्या टीव्हीची, परत आणली, नट फिल्मवरून घेतले आणि इफेक्ट आहेत तेच वाढवून स्वच्छ केले. नवं काही घातलं नाही. अंतराळातली दृश्यं आजही साधी दिसतात, पण आता ती त्या मालिकेचीच दिसतात.

तिथे कुणी नवं करू म्हटलं तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. त्या तरुण कलाकारांनी घरगुती संगणकावर रात्रभर रेंडर लावून जे काढलं ते मी मात्र हलवणार नाही. मी स्वतः अशी रात्र काढलेली आहे. एका कामात माझं दोन महिन्यांचं पाणी, होय पाणीच, नदीचा पूर, नंतर दुसऱ्या कुणाकडून पुन्हा करून घेतलं. चित्रपट लागला तेव्हा मी थिएटरात बसून माझं दृश्य शोधत होते आणि ते नव्हतं. आपलं काम पुसलं जातं तेव्हा कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

कुंचला, मंगळवार रात्री ९.००

इथे नेहमी नुसती वाचत असते. आज लिहिते.

माझे वडील सिनेमाचे बॅनर रंगवायचे. वीस-वीस फुटी चेहरे, चौकटी आखून, खालून वर. डिजिटल फ्लेक्स आल्यावर काम थांबलं. एकही बॅनर आमच्याकडे नाही. खेळ उतरला की कापड धुऊन त्यावरच पुढचा रंगवायचे.

खरी_कॉर्नर, तुम्ही सगळे यानाबद्दल बोलताय. त्या मालिकेत परग्रहावरची शहरं-खाणी दिसतात ती रंगवलेली चित्रं आहेत ना? तीपण बदलली का?

खरी_कॉर्नर, मंगळवार रात्री ९.३५

कुंचलाताई, तुम्ही नेमकं विचारलंत. होय, बदलली, बरीचशी.

त्याला मॅट पेंटिंग म्हणतात. काचेवर चित्र काढायचं, जिथे माणसं चालणार तेवढा तुकडा मोकळा ठेवायचा, आणि तिथे चित्रित केलेली माणसं जोडायची. आपल्या नाटकाच्या पडद्याचाच भाऊ म्हणा. मालिकेतली कितीतरी चित्रं अल्बर्ट व्हिटलॉक यांची. डेल्टा व्हेगा नावाच्या उजाड ग्रहावरचा कारखाना त्यांनीच रंगवला, आणि नंतर थोडा फेरफार करून तेच चित्र दुसऱ्या एका भागात दुसरा ग्रह म्हणून वापरलं. नव्या रूपात त्या जागी संगणकावर रंगवलेलं चित्र आहे. 'अरीना' भागात तर सरड्यासारखा जो प्राणी आहे, रबरी मुखवट्यातला नट, त्याचे डोळेसुद्धा नव्या रूपात मिचकावलेत. यान राहू दे, पण मुखवटा घालून उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाच्या अभिनयातही हात घातला, हे मला पटलेलं नाही.

वडिलांना घेऊन याल का रविवारी? जिना चढवायला आम्ही आहोत.

पंचगंगेकाठी, मंगळवार रात्री ९.५०

माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण रविवारी जुनं लावा. नंतर शेवटची दहा मिनिटं नव्यात दाखवा, पोरांना दोन्ही बघू दे.

खरी_कॉर्नर, रविवार रात्री १०.१०

आत्ताच आवराआवर करून बसलोय.

जुनंच लावलं. पहिल्यांदा यंत्र दिसलं तेव्हा मागून दोघं हसले, खोटं नाही सांगत. पंधराव्या मिनिटाला शांतता झाली. तो अधिकारी आपल्या माणसांना ग्रहावर उतरवलं आणि मग ग्रहच उरला नाही हे सांगतो, तेव्हा हॉलमध्ये कुणी भडंगाच्या कागदालाही हात लावला नाही. शेवट नव्या रूपात पुन्हा दाखवला. मुलांची मतं निम्मी-निम्मी. नववीतली एक मुलगी म्हणाली, नवं यंत्र जास्त मोठं वाटतं, पण जुनं जास्त विचित्र वाटतं.

माणसं चमचमत अदृश्य होतात ती चमक म्हणजे प्रकाशाच्या झोतात सोडलेली ॲल्युमिनियमची भुकटी, एवढं मी सांगितलं. तासाभरात सहावीतल्या एकानं घरी जाऊन बॅटरीच्या उजेडात पांढरी रांगोळी सोडली, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतली आणि गटावर टाकली. काळ्या शालीपुढे. हुबेहूब.

पुढचं कुंचलाताईंनी लिहावं.

कुंचला, रविवार रात्री १०.४५

बाबा आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, नजर कमी झालीय, पडद्याजवळ खुर्ची दिली होती.

मुलं गेल्यावर खरी_कॉर्नरांनी तो डेल्टा व्हेगाचा कारखाना दाखवला, आधी जुना. बाबा म्हणाले, "थांबव." चित्र थांबलं. उठून पडद्यापाशी गेले, बोट न लावता हवेतच जोड दाखवत गेले, कुठवर रंग आहे, कुठनं माणसं. "लांबचं बारीक केलंच न्हाई त्यानं. नुसते फटकारे मारलेत. लांबनं बघणाऱ्याला पुरतंय." मग नवं दाखवलं. तेही बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हेबी चांगलं हाय. पण ते परत लाव."

मग नाव विचारलं. खरी_कॉर्नरांनी सांगितलं की व्हिटलॉक लंडनचे, पुढे हॉलिवुडला गेले, दोन ऑस्कर मिळाले, आणि सुरुवात केली होती स्टुडिओत पाट्या रंगवण्यापासून.

"पाट्या?" बाबांनी दोनदा विचारलं. खिशातली डायरी काढून माझ्याकडे दिली आणि नाव लिहून घ्यायला लावलं.

पुढच्या महिन्यातही येणार आहेत. जिन्याला उजव्या हाताला दोरी बांधता आली तर बघा.